भाड्याचा चेक कधी आहे?

दिवाळीच्या अंकात पैशांच्या कटकटी कशाला, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. पण या सदराचे नेहमीचे वाचक जाणतात, की घरखर्चाची वही आपण लक्ष्मीपूजनालाही मिटून ठेवत नाही. उलट त्या दिवशी तिच्यावर हळदकुंकू वाहतो. तेव्हा त्याच वहीतले एक पान आज तुमच्यापुढे ठेवतो. पान माझ्याच चुकीचे आहे.

माझी भाची दुबईला असते. जावईबापूंची तिथे नोकरी. पदरी एक लहान मुलगा. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही सारे पुण्याला अक्काकडे फराळासाठी जमलो होतो. सकाळच्या वर्तमानपत्रात रुपया घसरल्याची बातमी मी वाचली होती. संध्याकाळी भाचीचा फोन आला, तो मी अक्काच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"अगं, रुपया पडलाय! हीच वेळ आहे. असतील नसतील तेवढे पाठवून दे."

"मामा, थोडे बाजूला ठेवलेत, पण ते..."

"पण-बिण काही नाही. उद्या भाव उतरला तर हळहळशील."

मामाचा शब्द मोडणे तिच्याने झाले नाही. तिने १५,००० दिरहम वडिलांच्या खात्यावर धाडले. भाऊजींनी ते लगोलग मुदतठेवीत टाकले आणि मी चकलीचा तुकडा मोडत माझ्या अर्थज्ञानाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

यंदा गणपतीला भाची आली. आरतीच्या वेळी तिचे हात मोकळे दिसले. माझ्या आईने नातीच्या लग्नात आपल्या हातातल्या पाटल्या उतरवून तिला घातल्या होत्या, त्या नव्हत्या. अक्काने विचारले, तर "तिकडे लॉकरात ठेवल्यात" म्हणाली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने मला खरे सांगितले. ते १५,००० दिरहम घरभाड्याचे होते. चेक दहा दिवसांवर आला होता, त्यात जावईबापूंचा पगार लांबला. पाटल्या सोनाराकडे गेल्या, तेव्हा चेक वटला.

"मग आम्हांला कळवायचे नाहीस?"

"दिवाळीत कशाला, मामा? आणि पाठवा म्हणून तुम्हीच सांगितले होते."

यावर मी काय बोलणार? पण तिथल्या भाड्याची रीत मात्र त्या दिवशी नीट समजावून घेतली, ती सांगतो.

आपल्याकडे भाडे महिन्याच्या महिन्याला देतात. दुबईत ते वर्षाचे ठरते आणि बहुधा पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून घरमालकाच्या हवाली करावे लागतात. कोणी एकच चेक देतो, कोणी दोन, कोणी चार, कोणी त्याहून जास्त. चेक जितके कमी, तितकी भाड्यात घासाघीस करायला जागा. भाचीचे भाडे वर्षाला ६०,००० दिरहम, म्हणजे १५,००० चे चार चेक. शिवाय अनामत रक्कम, दलाली, आणि वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के नगरपालिकेची घरपट्टी. ही घरपट्टी वीज-पाण्याच्या बिलातून दरमहा वसूल होते. भाचीला ती महिन्याला २५० दिरहम पडते. चेक न वटणे हा तिथे पूर्वी फौजदारी गुन्हा होता. २०२२ पासून कायदा बराच सौम्य झाला. नुसते खात्यात पैसे नाहीत म्हणून आता तुरुंगाची भीती उरलेली नाही. पण घरमालक थेट वसुलीसाठी न्यायालयात जाऊ शकतो. परमुलखात तेवढीही धास्ती पुरे असते.

गंमत अशी, की एके काळी त्या किनाऱ्यावर आपलाच रुपया चालत असे. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६ रुपयांचा ७.५० झाला, आणि दुबईने रुपयाला रामराम ठोकला. आजचा दिरहम १९७३ सालचा. १९९७ पासून तो डॉलरला ३.६७२५ या भावाने बांधलेला आहे. म्हणून रुपया घसरला तरी भाचीचे भाडे दिरहमात होते तेवढेच राहते, आणि पगारही. घसरणीचा फायदा फक्त त्या पैशांवर, जे खरोखरच इकडे खर्च व्हायचे आहेत. भाड्याचे पैसे इकडे धाडून परत नेण्यात तोटाच. हिशेबासाठी धरा, पाठवताना दिरहमाला २२ रुपये मिळाले आणि परत घेताना २२.५० मोजावे लागले, तर १५,००० दिरहमांवर ७,५०० रुपये गेले. बँकेचा आकार वेगळा.

आणि पैसे परत जाणेही सोपे नव्हते. वडिलांच्या खात्यावर पडलेला पैसा कायद्याने वडिलांचा झाला. येथील रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात खरे. पण त्यासाठी आधी ठेव मोडा, अर्ज भरा, आणि त्यातून दिवाळीच्या सुट्या! हेच पैसे भाचीने स्वतःच्या एनआरई खात्यावर ठेवले असते, तर मुद्दल आणि व्याज दोन्ही तिला बिनदिक्कत परत नेता आले असते. त्या व्याजावर तिला इथे प्राप्तिकरही नाही.

आता भाचीच्या घरी नवी रीत आहे. पगाराच्या दिवशी आधी ५,००० दिरहम दुसऱ्या खात्यावर जातात. तीन महिन्यांत एक चेक तयार. त्या खात्याला कोणी हात लावायचा नाही, मामाने सांगितले तरी. पुण्याच्या घराच्या कर्जाचा हप्ता दरमहा ठरावीक तारखेला जातो, भाव काही असो. कधी चार रुपये जास्त मिळतात, कधी कमी. पगार लांबणार असे दिसले, तर घरमालकाला आठवडाभर आधी सांगायचे. ऐकणे त्याच्या मर्जीवर, पण पुष्कळदा ऐकतात.

पाटल्या काही परत आल्या नाहीत. ती ठेव मुदत भरताच मोडून तशाच घडवून द्यायच्या, असे भाऊजींचे आणि माझे ठरले आहे. कमी पडेल ते मी घालणार. आईचे सोने ते नव्हे, हे मला कळते.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत. पाडव्याला त्यांचा फोन येईल. रुपयाचा भाव त्यांना आपल्याआधी कळलेला असतो. आपण फराळाचे विचारावे, नातवंडांचे विचारावे, आणि पैशांची गोष्ट निघालीच तर आधी एवढेच विचारावे: "भाड्याचा चेक कधी आहे?"