वाचा गेली म्हणजे बुद्धि गेली काय ?

गेल्या महिन्यांत आपण डोळ्याच्या रचनेचा विचार केला. डोळा पाहतो असें आपण म्हणतों खरें. परंतु डोळ्यानें आणलेली वार्ता वाचणारा निराळाच असतो. तो म्हणजे मेंदू. त्याचा परिचय आज करून घ्यावयाचा आहे. आणि त्यास आमच्या घरांतील एक प्रसंग कारण झाला असल्यामुळें आरंभ तेथूनच करितों.

आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सर्व अण्णा म्हणतात, तीन वर्षांपूर्वीं देवपूजेस बसले असतां एकाएकीं उजव्या अंगावर कलंडले. तोंड वांकडें झालें, उजवा हात लुळा पडला आणि वाचा बंद झाली. सुदैवानें प्राण वांचला. कांहीं महिन्यांनीं ते काठीच्या आधारानें चालूंहि लागले. पण वाणी परत आली नाहीं. "हें... हें..." एवढेंच मोठ्या कष्टानें तोंडून निघे. ज्यांच्या शुद्ध उच्चारांची गांवांत वाखाणणी होई, त्यांना पाणी मागण्यास शब्द सांपडेना. भेटीस येणारीं माणसें त्यांच्या कानाशीं ओरडून बोलत, आणि लौकरच घरांत सर्वांनीं ठरवून टाकलें कीं, "अण्णांना आतां कांहीं कळत नाहीं." एके दिवशीं त्यांच्या देखतच वडिलोपार्जित घराच्या वांटणीची चर्चा झाली. चर्चा करणारांत मीहि होतों. बोलतां बोलतां सहज तिकडे लक्ष गेलें, तों अण्णांच्या डोळ्यांतून अश्रु वाहात होते.

त्या दिवशीं वाटलेली लाज अद्याप गेलेली नाहीं. जन्मभर मुलांना शिकविणाऱ्या माणसास एवढी साधी गोष्ट ध्यानांत येऊं नये ! ती अशी कीं, मेंदू हा एकच एक गोळा नव्हे. एकत्र कुटुंबाप्रमाणें त्यांत कामांची वांटणी आहे. आणि घरांतील एक माणूस अंथरुणास खिळला म्हणून कांहीं घर ओस पडत नाहीं.

प्रौढ माणसाच्या मेंदूचें वजन सुमारें 1300 ते 1400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतकें असतें. पण शरीरास लागणाऱ्या शक्तीचा जवळजवळ पांचवा हिस्सा तो एकटा खर्च करितो. त्याचे मुख्य भाग तीन. सर्वांत खालीं, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु जेथें मेंदूस मिळतो, तेथें मस्तिष्कस्तंभ आहे. श्वासोच्छ्वास, हृदयाच्या ठोक्यांचें नियमन, गिळणें हीं कामें त्याच्याकडे. आपण निजलों तरी हा जागाच असतो. त्याच्या मागें, मानेच्या वरच्या बाजूस, लहान मेंदू. शरीराचा तोल सांभाळणें आणि हालचालींत मेळ ठेवणें हें त्याचें काम. भरली कळशी कमरेवर घेऊन उंबरा ओलांडतां येतो तो ह्याच्या कृपेनें. मेंदूंतील सुमारें 8600 कोटि मज्जापेशींपैकीं चार-पंचमांश ह्या लहानग्यांतच आहेत.

ह्या दोहोंच्या वर, अक्रोडाच्या गराप्रमाणें वळ्या असलेला मोठा मेंदू. त्याचीं अर्धें दोन; डावें अर्ध उजव्या अंगास चालवितें, उजवें डाव्यास. प्रत्येक अर्धाचे चार खंड. कपाळामागील ललाटखंडाकडे विचार, योजना, संयम आणि हेतुपूर्वक हालचाल. माथ्याजवळील पार्श्वखंडाकडे स्पर्श, उष्णता व वेदना. कानशिलामागील शंखखंडाकडे श्रवण. नवी स्मृति सांठविणारा भागहि त्याच्याच पोटांत. अगदीं मागील पश्चखंडाकडे दृष्टि. डोळ्याची वार्ता वाचली जाते ती येथें.

मग वाणी कोठें ? 1861 सालीं पॅरिस येथें पॉल ब्रोका नांवाच्या डॉक्टरांनीं एक रुग्ण पाहिला. कित्येक वर्षें त्यास 'टॅन' ह्या एका अक्षरापलीकडे फारसें कांहीं उच्चारतां येत नव्हतें; पण दुसऱ्याचें बोलणें त्यास समजे. मृत्यूनंतर पाहतां डाव्या ललाटखंडाचा कांहीं भाग बिघडलेला आढळला. पुढें 1874 सालीं कार्ल वेर्निके ह्या जर्मन डॉक्टरांनीं ह्याच्या उलट प्रकार दाखविला : डाव्या शंखखंडाच्या मागील भागास इजा झाली असतां माणूस घडाघडा बोलतो, पण त्यास अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचें बोलणेंहि त्यास नीट कळत नाहीं. भाषेचें जाळें ह्या दोन जागांहून पुष्कळ विस्तृत आहे, हें आतां सिद्ध झालें आहे. तरी बोलणें व समजणें हीं निरनिराळीं बिघडूं शकतात, हें खरेंच. बहुतेकांची भाषा डाव्या अर्धांत असते. म्हणूनच उजवा हात व वाचा पुष्कळदां बरोबरच जातात.

दिवेलागणीस मुलें परवचा म्हणत होतीं. रामरक्षा सुरू झाली आणि कोपऱ्यांतून एक जाड, ओळखीचा आवाज त्यांत मिसळला. अण्णा म्हणत होते. अडखळत, पण शब्दामागून शब्द! पाठ केलेलें स्तोत्र, पाढे, गाणें हीं अशा रुग्णांत पुष्कळदां शाबूत राहतात, असें डॉक्टरांनीं मागाहून सांगितलें.

त्यानंतर वांटणीची गोष्ट आम्हीं पुन्हा काढली. या वेळीं अण्णांना विचारून. एका वेळीं एकच प्रश्न, ज्याचें उत्तर मानेनें देतां येईल असा. आणि उत्तरास भरपूर अवकाश. त्यांनीं सर्व ऐकिलें. देवघर एकाच्या वांट्यास जाणार असें म्हणतांच डावा हात उंचावून त्यांनीं नकार दिला. देवघर सामाईक राहिलें.

वाचकांस दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. तोंड एकाएकीं वांकडें झालें, एक हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर तेल चोळीत बसूं नये. तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें. रक्ताची गांठ विरघळविणारें औषध साधारणपणें पहिल्या साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि गांठ आहे कीं रक्तस्राव, हें मेंदूचें चित्र घेतल्यावांचून कळत नाहीं. दुसरी गोष्ट : वाचा गेलेल्या माणसास कितपत समजतें तें डॉक्टरांकडून तपासून घ्यावें, आणि तोंवर त्यास सर्व समजतें असें धरूनच त्याच्या समोर बोलावें.