संपाला पाठिंबा, विरोधात असेपर्यंत

ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत एसटीचे कर्मचारी सातव्या वेतन आयोगासाठी संपावर गेले. राज्यात भाजप-शिवसेनेचे सरकार होते. ते बधले नाही, उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला आणि चार दिवसांनी गाड्या सुरू झाल्या. २०२१ च्या दिवाळीत चाके पुन्हा थांबली. या वेळी मागणी होती महामंडळाच्या राज्य शासनात विलीनीकरणाची. सत्तेत शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसची महाविकास आघाडी होती, आणि मुंबईच्या आझाद मैदानात कर्मचाऱ्यांसोबत बसले होते भाजपचे आमदार गोपीचंद पडळकर आणि मित्रपक्षाचे सदाभाऊ खोत. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या सरकारने ताठर भूमिका घेतली, त्यांना आता एसटी कामगाराचे दुःख दिसू लागले होते.

सरकारने मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर केली आणि हे दोन्ही नेते आंदोलनातून बाजूला झाले. कर्मचारी मात्र मागे हटले नाहीत. पुढचे कित्येक महिने त्यांनी पगाराविना काढले. हजारोंवर निलंबनाची, बडतर्फीची कारवाई झाली, काहींनी आत्महत्या केल्या. खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींची शाळा-कॉलेजला जाणारी एकमेव गाडीही या काळात बंद होती. विलीनीकरण शक्य नाही, असा अहवाल मुख्य सचिवांच्या समितीने दिला, आघाडी सरकारने तो मान्य केला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये माणसे कामावर परतली. जूनअखेर सरकार बदलले. ज्या पक्षाचे आमदार विलीनीकरणासाठी मैदानात बसले होते तोच पक्ष सत्तेत आला, विधानसभेत बहुमतही होते. एसटी आजही महामंडळच आहे.

जुन्या पेन्शनच्या प्रश्नात याच पक्षांनी जागांची अदलाबदल केली. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने रुजू होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली ती विलासराव देशमुखांच्या नेतृत्वाखालील काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने. २०१९ नंतर हेच पक्ष शिवसेनेसह अडीच वर्षे सत्तेत होते. पेन्शन परत आली नाही. विरोधात गेल्यावर ती त्यांना न्याय्य वाटू लागली. दुसऱ्या बाजूला तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात १ लाख १० हजार कोटींच्या बोज्याचा हिशेब मांडून स्पष्ट नकार दिला. महिनाभरात शिक्षक व पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका आल्या, तशी सरकारची भाषा मवाळ झाली. १४ मार्च २०२३ रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले, त्याच दिवशी अत्यावश्यक सेवांमधील संप रोखणारे ‘मेस्मा’ विधेयक विधिमंडळात मंजूर झाले.

जुनी पेन्शन तिजोरीला झेपणार नाही, असे प्रामाणिकपणे मानता येते. आयुष्यभर सरकारची चाकरी केलेल्या माणसाला म्हातारपणी निश्चित रक्कम मिळालीच पाहिजे, असेही तितक्याच प्रामाणिकपणे मानता येते. दोन्ही बाजूंना माझा आदर आहे. आक्षेप आहे तो बाके बदलली की उत्तर बदलण्याला. कारण त्या उत्तरावर विसंबून चालक-वाहक आपल्या मुलांच्या तोंडचा घास पणाला लावतो. नेता मैदानातून उठून जातो तेव्हा त्याचे मानधन थांबत नाही. शिवाय एकदा आमदार झालेल्याला दरमहा किमान ५० हजार रुपये पेन्शन मिळते. तिच्या बोज्यावरून या पक्षांचे कधी भांडण झाले नाही.

कर्मचारी संघटनांनी आता एक पथ्य पाळावे. संपाच्या मंचावर येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याकडून आधी त्याच्या पक्षाचा लेखी ठराव घ्यावा, त्यात पैसा कोठून आणणार आणि किती दिवसांत निर्णय घेणार हे नमूद असावे. सत्तेत असताना हीच मागणी आली तेव्हा तुम्ही काय केलेत, हे त्याला सगळ्यांसमोर विचारावे. ज्याच्याकडे उत्तर नसेल, त्याच्या हाती माइक देऊ नये.