फेऱ्या नव्हे, आधी हात मोजा

“पोहायला शिकून वर्ष झालं, तरी दोन फेऱ्यांत दम लागतो.” महिलांच्या बॅचमध्ये ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: फेऱ्या वाढवा. हा सल्ला आम्हाला पटत नाही. चुकीचा हात शंभर वेळा मारला तर तोच अंगवळणी पडतो, खांदे दुखू लागतात आणि चाळिशीतली बाई “आता वय झालं” म्हणून तलावावर येणंच सोडते.

दवाखान्यात आम्ही ताप कपाळाला हात लावून ठरवत नाही, थर्मामीटर लावतो. पोहण्यातही मोजावं. मोजायच्या गोष्टी तीनच आहेत: एका हातात किती अंतर कापलं, हात किती जलद फिरले आणि ठरावीक अंतराला किती वेळ लागला. पहिल्या दोन्हींचा गुणाकार म्हणजे आपला वेग.

समजा, तलाव २५ मीटरचा आहे आणि भिंतीला पाय रेटून आपण ५ मीटर पुढे गेलो. उरलेल्या २० मीटरला उजवे-डावे मिळून २५ हात लागले, तर एका हाताला ८० सेंटिमीटर पडले. सगळं मिळून वेळ लागला ३० सेकंद. आता तेवढ्याच वेळात २० हातांत पोचलात, तर एका हाताला एक मीटर. वेग तोच, पण खांद्यांचे पाच फेरे वाचले.

मात्र हात कमी करण्याच्या नादात प्रत्येक हातानंतर नुसतं तरंगत राहू नका. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. ते लगेच वेग खातं. हात १७ झाले आणि वेळ ३६ सेकंदांवर गेला, तर तो फायदा नव्हे. म्हणून हात आणि सेकंद दोन्ही एकत्र लिहून ठेवा.

हात लांबवायचा कसा? डोकं वर काढू नका, नजर तळाकडे ठेवा, म्हणजे पाय बुडत नाहीत. हात पुढे पूर्ण पसरा. पाणी खाली दाबू नका, मांडीपर्यंत मागे ढकला. श्वास रोखू नका, पाण्यात सोडत राहा. अंतर सुधारलं की मगच हातांची लय थोडी वाढवा.

१९७६ आणि १९८४ च्या अमेरिकी ऑलिम्पिक निवड चाचण्यांची तुलना अभ्यासकांनी केली होती. ज्या शर्यतींत वेग वाढला, तिथे तो मुख्यतः एका हातात कापलेल्या अंतरामुळे वाढला होता.

हे सगळं करायला महागडं घड्याळ लागत नाही. प्रत्येक सार्वजनिक तलावावर सेकंदकाटा दिसेल असं मोठं घड्याळ हवं आणि प्रशिक्षकांनी महिन्यातून एकदा प्रत्येकीचे हात व सेकंद नोंदवून द्यावेत. फी आपण भरतो, तेव्हा एवढं मागायला हरकत नाही. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्या भगिनींनी उद्यापासूनच मोजायला लागावं.