महाड ते थळ: केमिकल कंपनीत ‘मास्क लावला होता’ म्हणजे नेमकं काय लावलं होतं?

३ नोव्हेंबर २०२३. महाड एमआयडीसीतल्या ब्लू जेट हेल्थकेअर कंपनीत स्फोट झाला, आग लागली आणि ११ कामगार गेले. त्याच्या वर्षभर आधी, १९ ऑक्टोबर २०२२ ला अलिबागजवळच्या थळमध्ये आरसीएफच्या कारखान्यात स्फोट होऊन तिघांचा जीव गेला. अशी बातमी आली की खाली एक कमेंट हमखास असते, "सेफ्टी किट दिलं नव्हतं का?"

तर आधी हे समजून घ्या की स्फोटापुढे कुठलंच किट टिकत नाही. सुरक्षेच्या उपायांत किटचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी घातक रसायन बदलता येतं का ते बघायचं, मग गळती रोखणारी बंदिस्त यंत्रणा, खेळती हवा, कामाची पद्धत आणि त्यानंतर किट. पण ड्रम ओतताना, व्हॉल्व्ह उघडताना, रिअ‍ॅक्टर धुताना उपयोगी पडतं ते किटच. आणि तिथेच घोळ होतो.

ग्लोव्हजचंच घ्या. निळे पातळ नायट्राइलचे ग्लोव्हज सगळीकडे दिसतात. तेल-ग्रीसला ते चांगले. पण अ‍ॅसिटोन किंवा मिथिलीन क्लोराईड त्यातून काही मिनिटांत आरपार जातं. ग्लोव्ह फाटत नाही, बाहेरून धडधाकट दिसतो आणि आत कातडी भिजत असते. अ‍ॅसिटोनला ब्युटाइल रबर लागतं.

मास्कचंही तेच. कोविडमुळे एन-९५ घराघरात पोहोचला, पण तो धुळीसाठी आहे, वायूसाठी नाही. वायूला कार्ट्रिज लागतं, तेही त्या त्या वायूचं. थळला युरिया बनतो अमोनियापासून, तिथे अमोनियाचंच हवं. त्याचा पट्टा हिरवा असतो. मात्र फक्त रंगावर जाऊ नका. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज युरोपीय पद्धतीत तपकिरी, अमेरिकन पद्धतीत काळं. लेबल वाचलेलं बरं. शिवाय कार्ट्रिज संपतं, आणि दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसतच नाही.

टाकीत उतरायचं असेल तर गोष्टच वेगळी. कार्ट्रिज हवा गाळतं, ऑक्सिजन तयार करत नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर बाहेरून हवा पुरवणारं उपकरणच लागतं. आत बेशुद्ध पडलेल्याला काढायला तसाच उतरलेला दुसरा माणूसही दगावतो, तो यामुळेच.

मग कुठल्या रसायनाला काय घालायचं हे कळणार कसं? प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट असते, त्यातला आठवा विभाग याचाच. आता ही शीट इंग्रजीत, ऑफिसच्या फाइलमध्ये पडून असेल तर ड्रम उचलणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

राहिला पैशाचा मुद्दा. कारखाना कायदा, १९४८ च्या कलम ११४ नुसार सुरक्षा साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नव्हते, आणि या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेलाही कामगारच धरला जायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सुरक्षा संहितेतही सुरक्षेचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकायला मनाई आहे. त्यामुळे "ग्लोव्हजचे पगारातून कापून घेतो" असं कुणी ठेकेदार म्हणत असेल, तर ती कपात बेकायदा आहे.