गौरींचा सण आणि औषधाची गोळी

गेल्या भाद्रपदांत पिंपळे गुरव येथील आमच्या घरीं गौरी यावयाच्या होत्या. आठवडाभर आधीं सूनबाईंच्या हातीं औषधाची पुडी दिसली. विचारतां त्या संकोचून म्हणाल्या, "मामंजी, सणांत अडचण नको, म्हणून दुकानांतून गोळ्या आणल्या." दुकानदारानें डॉक्टरांची चिठ्ठीही मागितली नव्हती! सूनबाईंस पूर्वीं एकदां पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी झाली होती, हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणून आम्हीं त्यांस प्रथम डॉक्टरीणबाईंकडे नेलें. तेथें जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्त्रीबीज सुटल्यावर बीजकोशांत एक पिवळा पिंड तयार होतो व त्यांतून प्रोजेस्टेरॉन नांवाचा अंतःस्राव रक्तांत उतरतो. तोंपर्यंत इस्ट्रोजेनच्या प्रेरणेनें गर्भाशयाच्या अस्तरांतील पेशी एकसारख्या वाढत असतात. हा नवा स्राव ती वाढ आवरून त्यांस निराळ्या कामास लावतो. ग्रंथींच्या पेशी शर्करा सांठवितात, त्यांच्या भोंवतालच्या पेशी फुगतात, रक्तवाहिन्या मळसूत्रासारख्या वळतात. ही सारी गर्भाच्या स्वागताची सिद्धता! गर्भ न राहिल्यास सुमारें १४ दिवसांत तो पिंड सुकतो, स्राव ओसरतो आणि निराधार झालेलें अस्तर गळून पडतें. हीच पाळी.

ती गोळी होती नॉरएथिस्टेरॉनची. मेक्सिको देशांत १९५१ सालीं सिद्ध झालेलें हें द्रव्य प्रोजेस्टेरॉनचें कृत्रिम भावंडच होय. पाळीच्या तीन दिवस आधीं ती सुरू केली कीं अस्तरास मिळणारा आधार तुटत नाहीं, म्हणून तें गळत नाहीं. गोळी थांबविल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते. मात्र या औषधाचा अल्पांश शरीरांत इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांत पालटतो आणि गुठळीचा धोका वाढवूं शकतो. ज्यांस पूर्वीं गुठळी झाली, यकृताचा विकार आहे, किंवा ज्यांच्या रक्तस्रावाचें कारण उमगलेलें नाहीं, त्यांनीं ती परस्पर घेणें सर्वथा अनुचित.

डॉक्टरीणबाईंनीं गोळी वर्ज्य सांगितली. गौरीपूजनाच्या सकाळींच सूनबाईंस पाळी आली. आमच्या कुटुंबानें आमच्या तोंडाकडे पाहिलें. त्या पुडीमागें आमचीच न बोललेली अपेक्षा होती, हें तेव्हां आम्हांस उमगलें. आम्ही म्हणालों, "यंदा नैवेद्य सूनबाईच दाखवितील." तसेंच झालें. गौरी नेहमीसारख्याच जेवल्या.