श्वास थांबल्यानंतरची 3 मिनिटे

अतिस्थूल रुग्णाला, म्हणजे ज्याचा बॉडी मास इंडेक्स 40 वा त्याहून अधिक आहे अशा रुग्णाला, उताणे झोपवताच पोटाचा भार श्वासपटलाला वर ढकलतो, फुप्फुसांतील प्राणवायूचा साठा आटतो आणि भूल दिल्यावर निरोगी माणसाला सुमारे 8 मिनिटे पुरणारा तो साठा येथे 3 मिनिटांच्या आत, आजारी फुप्फुसांत त्याहूनही लवकर, संपतो. म्हणून इंट्युबेशनचे, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालण्याचे, यश आधीच्या तयारीवर ठरते: उशा व चादरींच्या घड्यांनी डोके-खांदे इतके उचलावे लागतात की कानाचे छिद्र छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी समपातळीत येईल, आणि घट्ट मास्कमधून दाबाने प्राणवायू द्यावा लागतो. या उशांना खर्च जवळजवळ नाही, तरी घाईत त्याच विसरल्या जातात, हे क्लेशकारक आहे.

2017 मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात सुमारे 500 किलो वजनाच्या इजिप्शियन रुग्णासाठी विशेष व्यवस्था उभारली गेली. सोलापूरपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अकलूजमध्ये मात्र असा रुग्ण पूर्वसूचनेविनाच येणार. तयारीइतकीच नळी योग्य जागी गेल्याची खात्रीही गरजेची आहे: ब्रिटनच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॅप-4’ पाहणीत अतिदक्षता विभागातील श्वासमार्गाशी निगडित मृत्यूंमागे कॅप्नोग्राफीचा, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख दाखवून नळी योग्य जागी आहे हे सांगणाऱ्या यंत्रणेचा, अभाव वारंवार आढळला. अकलूजच्या तालुक्यातील प्रत्येक अतिदक्षता विभागाने पुढचा व्हेंटिलेटर घेण्यापूर्वी हे उपकरण घ्यावे, अशी या अंकाची आग्रहाची मागणी आहे.