‘कॅटेगरी आहे ना, मग परत कशाला बसतोस?’

डिसेंबरात कॅटचा निकाल लागला की आमच्या अभ्यासिकेत दरवर्षी एक वाक्य ऐकू येते. ‘तुला कॅटेगरी आहे ना, मग परत कशाला बसतोस?’ या वेळी ते एका ड्रायव्हरच्या मुलाला ऐकावे लागले. पहिल्याच प्रयत्नात त्याला ७८ पर्सेंटाइल मिळाले होते. त्याला अजून वर जायचे होते, म्हणून पुन्हा परीक्षा द्यायची होती. क्लासच्या काउन्सेलरने त्याला हे वाक्य ऐकवले, रूम पार्टनरने हसत ऐकवले आणि शेवटी सख्ख्या मामानेही ऐकवले. मामाच्या बोलण्यात काळजी होती, बाकी दोघांच्या बोलण्यात नव्हती. अर्थ मात्र तिघांचाही एकच निघतो : तुझ्या लायकीचे तुला मिळाले, आता गप्प बस.

यातला रूम पार्टनर स्वतः तिसऱ्यांदा कॅटला बसला होता. इंजिनिअरिंगनंतर नोकरी धरली, संध्याकाळी क्लास केला, तिसऱ्या वर्षी ९६ पर्सेंटाइल काढले. मेहनत केली, मिळवले, अभिनंदन. पण त्याच्या ९६ला सगळे मेरिट म्हणतात आणि आमच्या मुलाच्या ७८ला कोटा म्हणतात. एकाचा तिसरा प्रयत्न आणि दुसऱ्याचा पहिला, यांची तुलना करून गुणवत्तेवर प्रवचन दिले जाते. स्कोअरकार्डवर हा कितवा प्रयत्न आहे हे छापलेले नसते, त्यामुळे त्या प्रवचनाला कुणी आव्हानही देत नाही.

मित्रांनो, मेरिटचा हा हिशेब आपण एकदा नीट उघडून बघू.

पर्सेंटाइल म्हणजे मार्कांची टक्केवारी नव्हे. ७८ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या साधारण अठ्ठ्याहत्तर जणांच्या तू पुढे आहेस. अलीकडच्या वर्षांत कॅटला जवळपास तीन लाख मुले बसतात. त्यांत पहिल्यांदा बसणारे आहेत, दुसऱ्यांदा बसणारे आहेत आणि चौथ्यांदा बसणारेही आहेत, कारण कॅटला वयाची अट नाही आणि प्रयत्नांची मर्यादाही नाही. म्हणजे ज्यांनी हा पेपर आधी दोनदा अनुभवलाय, तीन विभागांना मिळणारी चाळीस-चाळीस मिनिटे कशी वापरायची आणि चुकीच्या उत्तराला एक गुण जातो तेव्हा कोणता प्रश्न सोडायचा हे ज्यांना चुकून चुकून कळलेय, त्यांच्याच रांगेत आमचा पहिलटकर उभा असतो. त्या रांगेत तो अठ्ठ्याहत्तर जणांच्या पुढे निघाला. यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

आता दुसऱ्या प्रयत्नाची किंमत बघा. कॅट वर्षातून एकदाच होते, साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस. तिचा स्कोअर फक्त त्याच वर्षीच्या प्रवेशासाठी चालतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चांगला स्कोअर आला, पण घरातले आजारपण किंवा पैशांची अडचण यामुळे त्या वर्षी प्रवेश घेता आला नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून. परदेशी बिझनेस स्कूलसाठी लागणाऱ्या जीमॅटचा स्कोअर मात्र पाच वर्षे चालतो. जीमॅट सोळा दिवसांच्या अंतराने पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा. दर वेळची फी पावणेतीनशे डॉलरच्या घरात. आपल्याकडच्या काही खासगी संस्थांसाठी असलेली एनमॅट एकाच हंगामात तीनदा देता येते, प्रत्येक वेळी पैसे भरून. बाजाराने हे केव्हाच ओळखले आहे की माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सुधारतो. म्हणून तर तो दुसरी संधी विकतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला संधी सोळा दिवसांत मिळते. ज्याच्याकडे नाहीत त्याला वर्षभर थांबावे लागते आणि वर टोमणेही खावे लागतात.

सरकारलाही हे मान्य करावे लागले. जेईई मेन २०१९पासून वर्षातून दोनदा होऊ लागली. महाराष्ट्रानेही २०२६पासून एमबीएची सीईटी दोनदा घेण्याचा आणि दोन्हींतला चांगला निकाल धरण्याचा निर्णय जाहीर केला. एका दिवसाच्या एका पेपरावरून माणसाची पात्रता ठरत नाही, हाच याचा अर्थ. मग हेच आमच्या मुलाने म्हटले की तो हावरट कसा ठरतो?

खरी मेख पुढे आहे. दोन प्रयत्नांच्या मधले वर्ष सगळ्यांचे सारखे मोजले जात नाही. अनेक आयआयएम मुलाखतीसाठी निवड करताना नोकरीच्या अनुभवाला वेगळे गुण देतात. कंपनीत नोकरी करत जो पुन्हा परीक्षा देतो, त्याचे ते वर्ष ‘अनुभव’ म्हणून जमा होते. आमच्या मुलाने तेच वर्ष बापाच्या आजारपणात गाडी चालवण्यात, बहिणीच्या लग्नाच्या धावपळीत किंवा रोजंदारीवर काढले, तर मुलाखतीत प्रश्न येतो, ‘या वर्षी तुम्ही काय केलेत?’ वर्ष तेवढेच आणि घामही तेवढाच. एकाच्या खात्यात ते जमा होते, दुसऱ्याच्या खात्यात ते ‘गॅप’ होते. दहावी-बारावीच्या मार्कांचेही तसेच. अनेक आयआयएम तेही धरतात. गणिताला शिक्षकच नसलेल्या शाळेतून काढलेली दहावी कॅट दहा वेळा दिली तरी बदलत नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. दुसऱ्या प्रयत्नाला हुशारीच्या आधी ऐपत लागते. ज्या समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्यांची ऐपत आहे, त्याने पैसे मोजून अपयश धुऊन काढले आणि उरले त्याला मेरिट असे नाव दिले. आमच्या मुलांना एकदा पडण्याचीही परवानगी नाही.

हे मी दुसऱ्यांना सुनावतो आहे, पण यात माझाही गुन्हा आहे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातली एक मुलगी सीईटीचा निकाल घेऊन माझ्याकडे आली. स्कोअर मध्यम होता. तिला पुन्हा बसायचे होते. मी म्हणालो, ‘मुलीची जात, घरचे थांबणार नाहीत. मिळतंय तिथे घे.’ तिने एका खासगी संस्थेत, कॅपच्या बाहेरून, संस्थेच्या पातळीवरची जागा घेतली. कॅपमधून प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, फ्रीशिपही नाही. कर्ज काढले. दोन वर्षांनी नोकरी लागली ती दारोदार फिरून माल खपवण्याची. पगाराचा मोठा भाग अजून हप्त्यात जातो. मागे भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, ‘सर, एक वर्ष थांबले असते तर?’ मला उत्तर देता आले नाही. ‘घरचे थांबणार नाहीत’ असे मी म्हणालो होतो, पण घरच्यांना भेटून विचारायला मी गेलोच नव्हतो. आंबेडकरी म्हणवणाऱ्या माझ्या तोंडून त्या दिवशी मनूच बोलला.

आता कुणी म्हणेल, आपल्या माणसाने पुन्हा पुन्हा परीक्षा देत बसावे हे बाबासाहेबांच्या शिकवणीत कुठे बसते? त्यांनी इतिहास वाचावा. बाबासाहेब १९१६ साली लंडनला गेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. त्यात मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत मिळाली, तेव्हा कुठे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही, पुन्हा लिहायला सांगितले. बाबासाहेबांनी मुंबईत बसून तो सुधारला, परत पाठवला आणि १९२३ साली पदवी मिळवली.

या गोष्टीतली जिद्द आपण दर जयंतीला सांगतो. त्यातला हिशेब सांगत नाही. दुसऱ्या संधीला पैसा लागतो. तो बाबासाहेबांनाही लागला. स्वतःची बचत, मित्राचे कर्ज आणि राजाची मदत, असा तिहेरी टेकू होता, तेव्हा अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण झाले. आज आमच्या मुलाच्या मागे कोणता टेकू आहे?

आणि ‘बहुजनांना एमबीए हवे कशाला, एमपीएससी करा’ म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. ज्या सिडनहॅममध्ये बाबासाहेबांनी अर्थशास्त्र शिकवले, तिथे काही सहकाऱ्यांना त्यांनी एकाच भांड्यातले पाणी पिणे खपत नव्हते. आज त्याच सिडनहॅमच्या नावाने सरकारी मॅनेजमेंट संस्था चालते आणि तिच्या जागा प्रवेशपरीक्षेच्या स्कोअरवर भरतात. बँका, कंपन्या, विमा, बंदरे, रुग्णालये कुणी चालवायची याचा निर्णय अशा वर्गांतून निघालेली माणसे घेतात. सरकारी जागा आटत असताना त्या खोलीत आपण नसू, तर आपल्याबद्दलचे निर्णय आपल्याशिवाय होतील.

कॅटेगरीच्या कट-ऑफबद्दलही गैरसमज नको. आयआयएम प्रवर्गवार जी किमान पात्रता जाहीर करतात, ती फक्त दारापर्यंतची अट असते. प्रत्यक्ष मुलाखतीचे बोलावणे येते ते बहुधा त्याच्या बरेच वरच्या स्कोअरला. अनुसूचित जातींच्या १५ टक्के आणि जमातींच्या साडेसात टक्के जागांसाठीही आपसात चुरस असते. शिवाय राखीव जागा हे आपले छप्पर नाही. खुली जागा म्हणजे कुणा एका जातीची राखीव जागा नव्हे, स्वतःच्या गुणांवर तिथे पोहोचलेला उमेदवार कोट्यात मोजायचा नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने नोकऱ्यांच्या संदर्भात १९९२च्या इंद्रा साहनी खटल्यात मांडले आहे. ‘कॅटेगरी आहे ना’ म्हणणारा माणूस आरक्षणाला पायरी मानत नाही, कुंपण मानतो.

मात्र पुन्हा बसायचे म्हणजे हट्टाने वर्षे जाळायची, असे मी म्हणत नाही. पाच-पाच वर्षे अभ्यासिकेत म्हातारी झालेली मुले आपण पाहिली आहेत. म्हणून पुन्हा बसणाऱ्याने आधी काही गोष्टी कागदावर लिहाव्यात.

पहिली : कुठे कमी पडलो? इंग्रजी वाचनात, तर्काच्या संचांत की गणितात? विभागवार पर्सेंटाइल स्कोअरकार्डवर असतो. नुसते ‘अजून मेहनत करीन’ हे उत्तर नव्हे. आमच्या मुलाचे गणित चांगले होते, इंग्रजी उताऱ्यांनी त्याला खाली ओढले. म्हणजे त्याला महागडा क्लास नको, रोज दोन तास वाचन हवे.

दुसरी : दहावी-बारावीच्या मार्कांवर कोणत्या संस्था आपल्याला मुळातच मागे टाकतात? त्यांच्या नादी न लागता बाकीच्यांची यादी करा.

तिसरी : मधल्या वर्षात काय करणार? शक्य असेल तर पगारपत्रक आणि अनुभवाचा दाखला देणारी नोकरी धरा. लहान असली तरी चालेल, कागद हवा.

चौथी : कागदपत्रे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला याच वर्षात करून ठेवा. सीईटीचा प्रवेश कॅपमधूनच घ्या. माझ्या चुकीची किंमत त्या मुलीने मोजली, तुम्ही मोजू नका.

पाचवी : किती वेळा? माझ्या मते ठरवून दोनदा, फार तर तीनदा. मग पुढे चला.

आणि समाजाने काय करायचे? अनुसूचित जाती-जमातींसाठी २०२५ची कॅटची फी १३०० रुपये होती. त्यात सराव परीक्षांचे काही हजार, वर्षभर बसायला जागा आणि घरी एक माणूस जो म्हणेल, ‘थांब, आम्ही आहोत.’ एवढाच खर्च आहे. मी जयंतीच्या विरोधात नाही, ढोल मीही वाजवला आहे. पण डीजेची एक रात्र कमी केली तर एका वस्तीतल्या किती मुलांची फी आणि सराव परीक्षा निघतील, हे मंडळांनी स्वतः मोजावे. नोकरीला लागलेल्या आपल्या एमबीएवाल्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा, मुलांच्या खोट्या मुलाखती घ्याव्यात, इंग्रजी उतारे सोडवून दाखवावेत. आणि बार्टीकडे आपण एकत्र मागणी करू या की मॅनेजमेंटच्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीत दुसऱ्या वर्षीच्या विद्यार्थ्यालाही स्पष्टपणे जागा धरावी. पहिल्या प्रयत्नाला मदत करून दुसऱ्याला वाऱ्यावर सोडणे म्हणजे विहीर अर्धी खणून दोर काढून घेणे.

तो मुलगा येत्या नोव्हेंबरात पुन्हा बसतो आहे. या वेळी मी त्याच्या घरी गेलो. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, ‘एका वर्षात होईल का हो?’ मी म्हणालो, ‘हमी देत नाही. पण पोराला एकदा पडून उठू द्या.’ वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘गाडी शिकताना मी तीनदा नापास झालो होतो, तेव्हा लायसन मिळालं.’

हिशेब त्यांना माझ्याआधी कळला होता. उद्या तुमच्या वस्तीतले कुणी परत बसायचे म्हणाले, तर त्याला कॅटेगरी विचारू नका. फी भरली का, ते विचारा.

जय भीम!